मातीचा नाद

मराठीत ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक ध्वनी आणि दुसरा छंद, आणि छंदाचा अतिरेक झाला की घरातील मंडळी हाच शब्द कपाळाला हात लावून उच्चारतात. चित्रकाराला मातीचा नाद लागतो तेव्हा आरंभी हा दुसरा अर्थच लागू पडतो, पहिल्या अर्थापर्यंत पोहोचण्यास त्याला बरीच वर्षे आणि बरीच फुटकी भांडी खर्ची घालावी लागतात. ही अवस्था साधारणपणे चित्रे नियमित विकली जाऊ लागल्यावर, किंवा ती कधीच विकली जाणार नाहीत याची खात्री पटल्यावर उद्भवते; म्हणजेच यश आणि अपयश या दोहोंचा परिणाम या बाबतीत एकच असतो. तिची बाह्य लक्षणे ओळखण्यास सोपी आहेत. नखांतील रंग जाऊन तेथे करडा चिखल येतो, बोलण्यातील ‘रेषा’ आणि ‘अवकाश’ यांची जागा ‘ओल’ आणि ‘आच’ हे शब्द घेतात, आणि घरातील मोरी आठवड्यातून दोनदा तुंबते.

या स्थित्यंतराचे कारण विचारले असता चित्रकार स्पर्शाचा आनंद, पंचमहाभूतांशी असलेले नाते, मुळांकडे परतण्याची ओढ अशी उदात्त कारणे सांगतो, आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेत तीच कारणे अधिक मोठ्या टाइपात छापली जातात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती शेतकऱ्यालाही तितकीच लागू पडतात आणि शेतकरी त्यासाठी प्रदर्शन भरवत नाही. खरे कारण हवे असल्यास चित्रकलेच्या धंद्यातील एका जुन्या गैरसोयीकडे पाहावे लागते, आणि ती गैरसोय अशी की चित्र फसल्यास दोष द्यायला दुसरे कोणी उपलब्ध नसते. नाटक पडले तर ते नटांनी पाडलेले असते, कविता फसली तर मुद्रितशोधकाने अनुस्वार गाळलेला असतो, मैफल रंगली नाही तर तबला उतरलेला असतो, आणि पुरणपोळी फाटली तर त्या वर्षीचा गहूच मुळी बरा नसतो. चित्रकार मात्र आपल्या खोलीत एकटा असतो. तैलरंग, म्हणजे जवसासारख्या सावकाश सुकणाऱ्या तेलात खललेला रंग, कित्येक दिवस ओला राहतो; तो खरवडता येतो, पुसता येतो, त्यावर दुसरा थर चढवता येतो, आणि काहीच जमले नाही तर कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवता येतो. सुधारणेस इतका वाव असल्यामुळे अखेरीस चित्र वाईट ठरले, तर ते चित्रकाराने पूर्ण विचारान्ती वाईट केलेले आहे असाच निष्कर्ष निघतो.

या गैरसोयीतून सुटका शोधणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव पाब्लो पिकासो यांचे आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात, पासष्टीच्या उंबरठ्यावर असताना, ते दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिस या गावी कुंभारांचे वार्षिक प्रदर्शन पाहण्यास गेले. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकाच्या मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जात असे, आणि धातूच्या, विशेषतः ॲल्युमिनियमच्या, भांड्यांनी चुलीवरची जागा बळकावल्यामुळे त्याचा धंदा बसत चालला होता. तेथे ‘मादुरा’ या कार्यशाळेचे चालक सुझान आणि जॉर्ज रामिए यांच्याशी पिकासोंची ओळख झाली, आणि त्यांनी सहज म्हणून मातीच्या दोन-तीन लहान आकृती केल्या व ते निघून गेले. पुढील वर्षी ते परत आले तेव्हा त्या आकृती भाजून नीट जपून ठेवलेल्या आढळल्या. पाहुण्याने गंमत म्हणून लाटलेली पोळी यजमानांनी वर्षभर फडताळात जपावी, असाच हा प्रकार होता, आणि असा सत्कार झालेला पाहुणा मुक्काम वाढवतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. पिकासो १९४८ मध्ये त्या गावी राहण्यासच गेले, १९५५ पर्यंत तेथे राहिले, आणि मादुराशी असलेला त्यांचा संबंध १९७१ पर्यंत टिकला. या काळात त्यांच्या हातून मातीच्या हजारो वस्तू घडल्या, आणि त्यांपैकी ६३३ नमुन्यांच्या मर्यादित प्रती मादुराने तयार करून विक्रीस आणल्या.

येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. चाकावर भांडे घडवण्याचे काम प्रामुख्याने ज्यूल आगार नावाचे कसबी कुंभार करीत असत. आगार यांनी नुकतीच चाकावरून उतरवलेली, अजून ओली असलेली सुरई पिकासो हातात घेत, तिचा गळा दाबत, पोट चेपत, आणि क्षणात तिची बाई किंवा कबुतर होत असे. कोणत्याही कुंभारवाड्यात एखाद्याने ओल्या मडक्याचा गळा असा दाबला असता तर पुढे काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु कलेच्या इतिहासात अनेकदा कृती तीच असते, फक्त करणाऱ्याच्या नावाप्रमाणे तिला नुकसान किंवा निर्मिती असे म्हटले जाते. छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी १९५७ मध्ये टिपलेल्या एका प्रसंगात तर पिकासो जेवणातील मासा खाऊन संपवतात आणि उरलेला काटा मातीत दाबून त्याचा ठसा थाळीवर बसवतात. कोकणी घरात मासळीचा काटा मांजरापर्यंत पोहोचण्याची जी परंपरा आहे, तिला मिळालेला हा युरोपीय पर्याय होय.

ज्या चित्रकाराच्या हाताशी आगार नसतात त्याला चाक स्वतः शिकावे लागते, आणि येथून या छंदाचा करुण भाग सुरू होतो. प्रथम माती मळावी लागते, म्हणजे तिच्यातील हवेचे बुडबुडे निघून ओल सर्वत्र सारखी होईपर्यंत ती कणकेसारखी तिंबावी लागते. ज्याने आयुष्यात कधी कणकेला हात लावलेला नाही असा चित्रकार या टप्प्यावर घरातील बाईमाणसांकडे प्रथमच आदराने पाहू लागतो. त्यानंतर येते ‘केंद्र साधणे’, म्हणजे फिरत्या चाकावरील मातीचा गोळा दोन्ही हातांच्या समतोल दाबाने असा स्थिर करणे की तो फिरत असूनही फिरताना दिसू नये. विषम आकार हीच आधुनिकतेची खूण आहे असे ज्याने वीस वर्षे आवेशाने मांडले, तो चित्रकार आता सम आकारासाठी आठवडेच्या आठवडे घाम गाळतो, कारण कॅनव्हासवर ज्याला शैली म्हणतात त्यालाच चाकावर डगमगणे म्हणतात. केंद्र सुटलेली माती वाद घालीत नाही, ती सरळ अंगावर येते. या शिक्षणक्रमातील प्रगतीचे टप्पेही ठरलेले आहेत: सुरईचा संकल्प सोडला जातो, काठ फाटल्यावर तांब्यावर तडजोड होते, तांब्याचे पोट बसल्यावर वाटीवर समाधान मानले जाते, आणि वाटीचा तळ निघाल्यावर जे उरते त्यास पणती म्हणण्यात येते. मातीकाम शिकणाऱ्या चित्रकारांच्या घरी दिवाळीत पणत्या विकत का आणाव्या लागत नाहीत, याचा उलगडा येथे होतो.

महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ ही म्हण आठवेल, आणि तिचा विचार करणे येथे अप्रस्तुत नाही. गणपतीसाठी वापरली जाणारी शाडूची माती घडवली जाते, वाळवली जाते, रंगवली जाते, परंतु भाजली जात नाही. त्यामुळे ती पाण्यात विरघळते आणि मूर्तिकाराच्या हातून काही कमीजास्त झाले असल्यास त्याचा पुरावा अनंत चतुर्दशीच्या आत वाजतगाजत नाहीसा होतो. कुंभारकामात ही सोय नाही. मातीला सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले की तिच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा कधीही चिखल होऊ शकत नाही. भाजलेले खापर हजारो वर्षे टिकते, आणि पुरातत्त्वज्ञांचा बराचसा उदरनिर्वाह त्यावरच चालतो. चुकीला विसर्जन नाही, ही मातीच्या कलेतील पहिली धास्ती होय.

दुसरी धास्ती आकाराची आहे. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. हे आक्रसणे मातीच्या जातीप्रमाणे बदलते, परंतु लांबी-रुंदीत दहाव्या हिश्श्याची घट सामान्य समजली जाते. लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी दहाव्या हिश्श्याने घटली तर पोटातील जागा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते, हे गणित चित्रकाराला माहीत नसते, कारण चित्रात काढलेला पेला वाळल्यावर लहान होत नाही. परिणामी चहासाठी केलेला कप भट्टीतून निघतो तेव्हा तो औषध घेण्याच्या मापाचा झालेला असतो. अशा वेळी ‘जपानी पद्धतीचा’ हे विशेषण वापरण्याचा प्रघात आहे.

तिसरी धास्ती चित्रकाराच्या वर्मावरच बोट ठेवते, कारण ती रंगाची आहे. भांड्यावर चढवल्या जाणाऱ्या काचेच्या पातळ थराला झिलई म्हणतात. तिचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे वाळूतील खनिज. ते एकटे असता १७०० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून ते १२०० ते १३०० अंशांवर वितळावे यासाठी त्यात द्रावक, आणि वितळल्यावर सगळे ओघळून जाऊ नये यासाठी ॲल्युमिना मिसळावे लागते. रंग येतो तो धातूंच्या संयुगांमुळे, आणि हे रंग भाजण्यापूर्वी आपली ओळख देत नाहीत. जे कोबाल्टचे ऑक्साइड पुढे गडद निळे होणार असते ते लावताना काळे दिसते. तांब्याची झिलई भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवी होते आणि हवा कोंडून प्राणवायू कमी केला तर लाल होते. ज्याने आयुष्यभर डोळे बारीक करून दोन निळ्या छटांतील भेद ओळखला, त्याला आता राखाडी पाण्याच्या सात बादल्यांपुढे उभे केले जाते आणि यातील हिरवी कोणती हे चिठ्ठी वाचून ओळखण्यास सांगितले जाते. चिठ्ठ्या बहुधा भिजलेल्या असतात.

येथपर्यंतचा वृत्तान्त वाचून असा प्रश्न पडेल की इतके अपमान सोसून चित्रकार या छंदाला चिकटून का राहतो. आणि त्याचे उत्तर भट्टीत आहे. भांडे आत ठेवून दार लावले की दिवसभर, आणि भट्टी थंड होईपर्यंत पुढेही बराच काळ, कोणालाही काहीही करता येत नाही. आतील उष्णतेच्या परिणामाचा अंदाज घेण्यासाठी ठराविक उष्णतेला मऊ पडणारे मातीचे छोटे शंकू ठेवलेले असतात. झरोक्यातून पाहिले असता शंकूने मान टाकलेली दिसली की भाजणी झाली असे समजतात, आणि बाहेर वाट पाहणाऱ्याची मानही साधारण त्याच सुमारास लवलेली असते. मग दार उघडते, आणि एखादे भांडे तडकलेले, एखादे शेजाऱ्याला कायमचे चिकटलेले, तर एखादे आत राहिलेल्या ओलीची वाफ होऊन फुटलेले निघते. त्या क्षणी चित्रकाराच्या तोंडून जे वाक्य बाहेर पडते ते त्याने आपल्या कारकिर्दीत कधीच उच्चारलेले नसते: ‘भट्टीनं घात केला.’ चित्र बिघडले की चित्रकार बिघडलेला असतो. भांडे बिघडले की भट्टी बिघडलेली असते. आयुष्यात प्रथमच त्याला अपयशातला भागीदार मिळतो, तोही असा की जो खुलासा करीत नाही, पत्रे लिहीत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा दोष घ्यायला उबदार मनाने तयार असतो. मातीच्या प्रेमाचे बहुतांश रहस्य या मनमोकळ्या सुटकेत आहे.

या सुटकेचा उपयोग प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे केला. पूर्वी शेअर दलालीच्या व्यवसायात असलेले पॉल गोगँ १८८६ मध्ये पॅरिसमधील कुंभार अर्नेस्ट शाप्ले यांच्या कार्यशाळेत गेले, आणि या वस्तूंतून चार पैसे मिळतील अशी त्यांना आशा होती. या आशेवरून ते दलाली का सोडून आले असावेत याचाही थोडा अंदाज येतो. १८८९ मध्ये त्यांनी स्वतःच्याच मुंडक्याच्या आकाराचा एक चंबू केला, ज्याला कान नाहीत आणि ज्यावरून तांबडी झिलई रक्तासारखी ओघळलेली आहे. झिलई ओघळणे हा कुंभाराच्या दृष्टीने सर्वांत लाजिरवाणा दोष. गोगँ यांनी तो ठरवून विषयातच सामावून घेतला, आणि तक्रारीला जागाच ठेवली नाही. पुढे १८९४ मध्ये घडवलेली ‘ओविरी’ ही मातीची मूर्ती आपल्या थडग्यावर असावी अशी त्यांची इच्छा होती. १९७३ मध्ये ती इच्छा पूर्ण झाली खरी, परंतु थडग्यावर बसवली गेली ती तिची ब्राँझमधील प्रतिकृती; चिरकालाचा प्रश्न आला की मातीच्या भक्तांचाही भरवसा धातूवरच असतो.

जोआन मिरो यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांनी आपले मित्र, कुशल कुंभार जुझेप ल्योरेन्स आर्तिगास यांच्या सोबतीने पॅरिसमधील युनेस्कोच्या आवारासाठी दोन भिंती केल्या, ज्या १९५८ मध्ये पूर्ण झाल्या. प्रथम केलेल्या सारख्या मापाच्या चौकोनी फरशा फारच नीटनेटक्या दिसतात म्हणून बाजूला सारण्यात आल्या आणि ओबडधोबड मापांच्या नव्याने करण्यात आल्या. बांधकामाचा अनुभव असलेल्या कोणत्याही गृहस्थाला हे वाचून हुंदका येईल, कारण त्याच्या घरी फरशीवाल्याने हाच परिणाम विनासायास आणि मागणी नसताना साधलेला असतो. मिरो यांनी त्या फरशांवरील मोठी रेषा झावळ्यांच्या झाडूने ओढली, आणि आर्तिगास श्वास रोखून पाहत राहिले. मातीच्या प्रत्येक चित्रकारामागे असा श्वास रोखून धरणारा एक कुंभार असतो, आणि इतिहासात त्याचे नाव दुसरे येते.

भारतातही हा नाद जुना आहे. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत जॉर्ज टेरी या चित्रकला-शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभारकामाची कार्यशाळा उभारली, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील नक्षी झिलईच्या बरण्यांवर व सुरयांवर उतरली. शांतिनिकेतनात शिकलेले आणि बडोद्यात शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयाच्या भिंतीवर भाजलेल्या मातीचे भव्य शिल्पचित्र उभे केले. त्यांच्यासारख्यांनी मातीकडे केवळ सुटका म्हणून पाहिले नाही, कुंभाराच्या अकलेचा अभ्यास केला. त्यामुळे त्यांच्या उदाहरणातून विनोदी लेखाला फारसे काही मिळत नाही.

मातीकडे वळलेल्या चित्रकाराला आणखी एक समाधान अपेक्षित असते, आणि ते म्हणजे प्रेक्षकांच्या प्रश्नापासून मुक्ती. चित्रासमोर उभा राहणारा प्रत्येक नातेवाईक ‘याचा अर्थ काय?’ असे विचारतो. भांड्याचा अर्थ कोणी विचारणार नाही, या आशेने चित्रकार ते घरात आणतो. नातेवाईक खरोखरच अर्थ विचारीत नाहीत, ते भांड्यात पाणी ओततात. कमी तापमानाला भाजलेली, झिलई नसलेली माती सच्छिद्र असते. तिच्यातून पाणी झिरपते, बाहेरच्या पृष्ठावरून त्याचे बाष्पीभवन होते आणि आतील पाणी थंड राहते, हे माठाचे शास्त्र होय. चित्रकार या शास्त्राचा आधार घेऊ पाहतो. परंतु माठ पाझरतो आणि चित्रकाराचे भांडे गळते, हा फरक टेबलावरच्या वर्तमानपत्राला लगेच कळतो. अशी भांडी पुढे भेट म्हणून दिली जातात. प्रत्येक स्नेह्याच्या घरी एक कललेला वाडगा असतो, जो एरवी किल्ल्या आणि सुटे पैसे सांभाळतो आणि देणारा येणार असे कळताच घाईघाईने फळांनी भरला जातो.

राहता राहिला सहीचा प्रश्न. चित्रावरील सही दर्शनी कोपऱ्यात असते आणि काही खरेदीदार चित्राआधी तीच वाचतात. भांड्यावर मात्र ती तळाशी करावी लागते, आणि ती वाचायची तर भांडे पालथे करावे लागते. पालथ्या घड्याविषयी मराठी माणसाचे मत फार पूर्वीपासून ठरलेले आहे. संतकथेत गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोणते मडके कच्चे ते ठरवतात, आणि त्या परीक्षेत नामदेवांसारख्याचाही मोठेपणा कामी येत नाही. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला माठ घेणारी बाई आजही तीच परीक्षा करते. ती तळ पाहत नाही, घडवणाऱ्याचे नाव विचारत नाही. काठाजवळ टिचकी मारते आणि कान देते. पक्के भाजलेले असेल तर खणखणीत वाजते, कोठे चीर असेल तर बद्द वाजते, आणि बद्द वाजलेला माठ ती एक शब्द न बोलता खाली ठेवून शेजारचा उचलते. चित्रकाराच्या हातून अनेक वर्षांनी एखादे भांडे असे खणखणीत वाजते, तेव्हा त्या दिवशी भट्टी कशी लागली होती याचा उल्लेख तो कटाक्षाने टाळतो, हे त्याच्या कुंभार झाल्याचे नव्हे, चित्रकार राहिल्याचे लक्षण आहे. परंतु तो ते भांडे पालथे करून सही दाखवायला विसरतो आणि पुन्हा एकदा, नुसते ऐकण्यासाठी, टिचकी मारतो, तेव्हा नाद या शब्दाचा पहिला अर्थ त्याला लागलेला असतो.